आमसुलाचं पाणी

मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी अनिश घडशी घोडबंदरच्या स्टुडिओत, मेकअप रूमच्या मागच्या पायरीवर बसून वाटीभर ऋषीची भाजी जेवला. एक बत्तीसला त्याने पाणी मागितलं. एक चाळीसला त्याला काही मागता येईना. जीभ सुजली होती, ओठ उलटे झाले होते आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. प्रॉडक्शनची गाडी दोनला पाच कमी असताना निघाली. दोन पस्तीसला मीरा रोडच्या एका खासगी हॉस्पिटलात त्याच्या घशात नळी घालण्यात आली.

अनिश सत्तावीस वर्षांचा. ‘बारा चुली’ या दूरचित्रवाणीवरच्या पाककला स्पर्धेत सातव्या आठवड्यात आठ स्पर्धक उरले होते, त्यांतला तो एक. आठांचे दोन गट पाडलेले. अनिशच्या गटाची कॅप्टन होती मिनल चौबळ, वय अडतीस, सिल्व्हर पार्कला राहणारी. तिच्याबरोबर भाईंदर पश्चिमेच्या पिंकी मेहता आणि पेणकरपाड्याच्या विमलाबाई पाटील. विमलाबाई एकसष्ट वर्षांच्या, आठांत सगळ्यात मोठ्या.

नियम साधा होता. हरलेल्या गटाच्या कॅप्टनने आपल्या गटातल्या एकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं, त्याने ॲप्रन काढून ठेवायचा.

मिनलला विमलाबाईंचं नाव घ्यायचं होतं. ही गोष्ट सेटवर सगळ्यांना माहीत होती. चौथ्या आठवड्यात मिनलने परीक्षकांना सांगितलं होतं, की पुरण तिने स्वतः पाट्यावर वाटलं. मागे उभ्या असलेल्या विमलाबाई म्हणाल्या, “पाट्यावर मी वाटलं. ती बाजूला हुबी व्हती.” त्यात राग नव्हता, खोचही नव्हती. विचारलं असतं तर वेळही सांगितली असती, अशा आवाजात त्या बोलल्या. अकरा सेकंदांचा तो तुकडा लोकांनी फोनवरून फोनवर पाठवला. मिनलच्या सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये भेटल्या, की विचारायच्या, “आज कुणी वाटलं?” तिची मुलगी सान्वी सातवीत. तिला वर्गात ‘बाजूला हुबी’ असं नाव पडलं. मिनलने या स्पर्धेसाठी बारा वर्षांची नोकरी सोडली होती. पहिल्या तिघांत आल्याशिवाय त्या लिफ्टमध्ये पुन्हा ताठ उभं राहता येणार नाही, असं तिने नवऱ्याला, सुभाषला, एकदा नव्हे, तीनदा सांगितलं होतं.

तिच्या आड फक्त विमलाबाई होत्या. प्रेक्षकांना त्या आवडत होत्या. सहा आठवड्यांत त्यांची एक भाजी बिघडली नव्हती. गटाला हरवणारी चूक त्यांच्या हातून होणं गरजेचं होतं.

मंगळवारचं चित्रीकरण ऋषिपंचमीच्या भागाचं होतं. सण तीन आठवड्यांवर होता, पण टीव्हीवर तो आधीच शिजवावा लागतो. सेटच्या मध्यभागी कला विभागाने गणपतीची फायबरची मूर्ती बसवली होती. आदल्या महिन्यात ती एका मालिकेत वापरून झाली होती. कानामागे रंगाचा टवका उडालेला, तिथे झेंडूचं फूल खोचलं होतं. प्रत्येक गटाने चार पदार्थ करायचे. विमलाबाईंकडे ऋषीची भाजी आली: अळू, सुरण, लाल माठ, दोडका, मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळं एकत्र, तेल-तिखट नाही.

सकाळी साडेदहाला विमलाबाईंनी चपला काढल्या आणि सेटच्या बाहेर ठेवल्या. अळूची जुडी सोडली. एक देठ मोडला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घासला. थोडा वेळ थांबल्या. मग मनगट अनिशला दाखवलं. तिथे लाल ठिपके उठले होते.

“ह्यो खाजरा हाय,” त्या म्हणाल्या. “बाजारचा न्हाय. खाडीच्या अंगाचा कुनीतरी उपटून दिलाय.”

“बदलून मागू का, मावशी?” अनिशने विचारलं.

“कशाला? खाजऱ्याचीबी भाजी होते. आमसुलं दुप्पट लागंल, बास.” त्यांनी मूठभर आमसुलं मोठ्या वाटीत भिजत घातली. “आंबट न्हाय पडला तर घसा धरंल.”

हे बोलणं गटातल्या बाकी तिघांनी ऐकलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्वप्नीलनेही ऐकलं. पण त्याच्या कानात दिवसभरात इतकं काही पडतं, की त्याने लक्ष दिलं नाही.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनी ऐकली. अकरा वाजता मिनल म्हणाली, “मावशी, मीठ बघून घ्या हं मधेमधे.”

“निवदाचं चाखत न्हाईत.”

“अहो, ती मूर्ती आर्ट डिपार्टमेंटची आहे. प्राणप्रतिष्ठा वगैरे काही नाही. उद्या गोडाऊनला जाईल.”

“आज हाय ना हितं?”

“हो, पण—”

“मंग.”

अनिश हसला. पिंकी म्हणाली, “मावशी, भगवान को भी पता है ये शूटिंग है.” विमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि सुरणाच्या फोडी पातेल्यात सोडल्या.

या कार्यक्रमात प्रत्येक पदार्थाची दोन पातेली असतात. एक चुलीवर, त्यात खरा पदार्थ शिजतो. दुसरं तसंच, पितळेचं, कल्हई केलेलं, पण खाली जाळ नसलेलं. वाफेने कॅमेऱ्याची काच धुरकट होते, म्हणून हात जवळून दाखवायचे असले, की ते या दुसऱ्या पातेल्यावर दाखवतात. सेटवर त्याला ‘डमी’ म्हणतात. पहिल्या दिवसापासूनची पद्धत अशी, की स्पर्धकाने जिन्नस आधी खऱ्या पातेल्यात घालायचा, मग कॅमेरा डमीवर आला, की तीच कृती रंगीत पाण्याने पुन्हा करायची. सहा आठवडे हे असंच चाललं होतं. विमलाबाईंना ते गमतीचं वाटायचं. “येक देवाला, येक क्यामेऱ्याला,” असं त्या म्हणायच्या.

मंगळवारी क्रम उलटला. पावणेबाराला एक दिवा जळाला. तो बदलेपर्यंत एकच कॅमेरा चालू होता आणि तो डमीवर लावलेला होता. रंगीत पाणी आणणारा माणूस दिव्याच्या मागे धावत होता. कार्यक्रमाचं दिग्दर्शन बघणारा रोहित म्हणाला, “मावशी, थांबायला वेळ नाही. आमसुलाचं आत्ता इथे ओता, मला क्लोजअप देऊन टाका. खऱ्यात नंतर घाला तुमचं.”

अकरा बावन्नला विमलाबाईंनी वाटीतलं सगळं आमसुलाचं पाणी डमीत ओतलं. वाटी बोटाने निपटून घेतली. रोहित म्हणाला, “सुंदर. कट.” त्याच वेळी कन्फेशनच्या खोलीतून अनिशला बोलावणं आलं. स्पर्धक एकटे कॅमेऱ्यासमोर बसून मनातलं सांगतात, ती ही खोली. अनिश गेला. विमलाबाईंनी रिकामी वाटी पाण्याच्या टबात ठेवली आणि मक्याचे तुकडे घ्यायला वळल्या. डमीत ओतलं, की तो जिन्नस झाला, हे त्यांच्या हाताला सहा आठवड्यांत पाठ झालं होतं.

मिनल चार फुटांवर होती. पिंकी तिच्या शेजारी.

“दीदी,” पिंकी तिच्या कानाशी पुटपुटली, “आंबट तो डमी में गया.”

मिनलने छातीवरच्या छोट्या माइकवर तळहात ठेवला. “बघेल ती. तिचं पातेलं आहे.”

“वो चखती कहाँ है आज?”

“मग चाखायला पाहिजे ना.”

“अळू खाजरा हाय बोलली ती.”

“परीक्षक किती खातात, तुला माहितीये. जिभेवर ठेवतात आणि रुमालात काढतात. थोडं चुरचुरेल. आपण हरू. मी नाव घेईन. तू आणि मी राहू.” मिनलने हात काढला. “कोथिंबीर दे.”

पिंकीने कोथिंबीर दिली.

साडेबाराला चुली बंद झाल्या. नैवेद्य दाखवून झाला. एक वाजता परीक्षक पाटासमोर आले. अळूच्या भाजीचा घास त्यांनी जिभेवर ठेवला, रुमालात काढला, दोन वेळा खाकरले. “चव सात्त्विक आहे, पण घशाशी काहीतरी राहतंय,” म्हणाले आणि पाणी प्यायले. गट तीन गुणांनी हरला. नाव घेण्याचं दृश्य जेवणानंतर घ्यायचं ठरलं. विमलाबाईंचा चेहरा उतरला होता. अनिश त्यांना म्हणाला, “मावशी, त्यांना काय कळतंय? आमच्या गावाला अशी भाजी मिळाली तर लोक वाटीवर वाटी संपवतील.” तो मूळचा संगमेश्वरकडचा. रात्रपाळीच्या नोकरीवरून थेट सहाच्या गाडीने आला होता आणि सकाळपासून त्याच्या पोटात फक्त चहा होता.

तो पायरीवर बसत असताना मिनल चहाचा कप घेऊन समोरून चालली होती.

“ताई, परीक्षण झालंय ना? खाल्ली तर चालेल?” त्याने वाटी वर करून विचारलं.

मिनल थांबली. पायरीच्या वर रोहित फोनवर बोलत होता. मागे विमलाबाई हात धूत होत्या.

“खा ना,” मिनल म्हणाली.

हे तिने सुभाषला गुरुवारी सांगितलं. तोवर ते तिघांनाच ठाऊक होतं: तिला, अनिशला, आणि कदाचित विमलाबाईंना, कारण नळ चालू होता आणि त्यांनी काय ऐकलं ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही.

हॉस्पिटलने रीतीप्रमाणे पोलिसांना कळवलं. बुधवारी सकाळी एक उपनिरीक्षक आणि दोन शिपाई स्टुडिओत आले. उरलेली भाजी बाटलीत भरून तपासणीला गेली. प्रॉडक्शनने चित्रीकरण दिलं. त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं: विमलाबाईंचे हात, हिरव्या बांगड्या, आमसुलाचं लालसर पाणी पातेल्यात पडताना, बोटाने निपटलेली वाटी. कोपऱ्यात वेळ उमटलेली, अकरा बावन्न. उपनिरीक्षकाने ते दोनदा पाहिलं. पातेलं कोणतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. रोहितला तर ते आठवतही नव्हतं. दिवसाला असे चाळीस क्लोजअप होतात.

विमलाबाईंनी जबाब दिला: आमसुलं घातली, दुप्पट घातली.

मिनलने जबाब दिला: “मी बघितलं. त्यांनी वाटी ओतली.”

पिंकीनेही तेच सांगितलं आणि दुपारच्या गाडीने ती भावाकडे सुरतेला गेली. स्वप्नीलने प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून दिला. मिनलच्या आवाजात अकरा चौपन्नपासून वीस सेकंद नुसती घासल्यासारखी खरखर आहे. स्वप्नीलने सांगितलं, की माइकवर पदर येतो, हात येतो, असं प्रत्येकाच्या आवाजात दिवसात तीस वेळा असतं. पिंकीचा माइक तेव्हा बंद पडला होता. सेल संपले होते. पोलिसांनी तो मुद्दा सोडून दिला.

आमसुलं घातलेल्या भाजीने घसा धरत नाही. म्हणजे भाजीत दुसरं काहीतरी होतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत हे वाक्य फोनवरून सगळीकडे फिरत होतं. विमलाबाईंचा गट हरला म्हणून त्यांनीच काही कालवलं, असंही लोक लिहीत होते. पेणकरपाड्यात त्यांच्या दाराशी माइक घेऊन दोन माणसं उभी राहिली. गणपतीत त्या मोदक करून देतात. ज्यांनी मोदक सांगितले होते, त्यांतल्या काहींनी ‘यंदा घरीच करतोय’ असं कळवलं.

गुरुवारी सकाळी विमलाबाई स्वतः घोडबंदरला गेल्या. खाडीच्या कडेला, स्टुडिओच्या भिंतीमागे तेच अळू शोधलं. देठ मोडून मनगटावर घासला. मग जुडी घेऊन घरी आल्या, सुरण आणला, माठ आणला आणि ठाण्यातून बोलावलेल्या दोन शिपायांना आणि आळीतल्या पंधरा-वीस माणसांना अंगणात बसवून भाजी केली. तशीच, दुप्पट आमसुलं घालून.

“बया, नको खाऊस,” शेजारची मंदा म्हणाली.

“का? मीच केली ना?”

त्यांनी ताटभर भाजी सगळ्यांसमोर खाल्ली. मग पाटावर बसून राहिल्या. एक शिपाई घड्याळ बघत होता. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. विमलाबाईंनी शिपायाला विचारलं, “तुला देऊ का रं?” लोक हसले. शिपायाने मान हलवली. पाऊण तासाने तो उठला आणि बाहेर जाऊन फोनवर म्हणाला, “साहेब, काही नाही झालं. मावशी ठणठणीत आहेत.”

हे मंदाने फोनवर चित्रित केलं. दुपारपर्यंत ते सर्वत्र पोहोचलं. विमलाबाई सुटल्या, असं लोकांना वाटलं. पण मग भाजीत काही घातलं असेल, तर ते त्या वेळी पातेल्याजवळ असणाऱ्याने घातलं. अनिश कन्फेशनच्या खोलीत होता, हे चित्रीकरणात दिसत होतं. उरल्या दोघी. एक सुरतेला होती.

गुरुवारी मिनलने सुभाषला सगळं सांगितलं. सान्वी क्लासला गेली होती. सुभाष बराच वेळ टेबलावरची मेणकापडाची घडी सरळ करत राहिला.

“तू काही घातलं नाहीस,” तो म्हणाला.

“नाही.”

“मग तू काही केलं नाहीस. बोलली नाहीस, एवढंच. न बोलण्याला कलम नाही.”

“त्याने विचारलं होतं मला. मी ‘खा ना’ म्हटलं.”

सुभाषने घडी सोडून दिली. “हे कुणाला सांगू नकोस,” तो म्हणाला. “तपासणीत काही निघणार नाही. विष नाहीच, तर निघणार काय? आपोआप मिटेल. सोमवारी शूटिंग आहे ना?”

शूटिंग होतं. तसा निरोप आला होता. सकाळी साडेसहा, कॅप्टन मिनल चौबळ. गट नव्याने पाडणार होते. अनिशच्या प्रकृतीसाठी सुरुवातीला सर्वांनी हात जोडून उभं राहायचं होतं. विमलाबाईंना कळवलेलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी चारला विमलाबाई सिल्व्हर पार्कला आल्या. पत्ता त्यांनी वॉचमनला विचारला. त्याने ओळखलं आणि खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. वर आल्या. मिनलने दार उघडलं.

“या ना, मावशी.”

“हितंच बरी हाय.” त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. “येक इचारायचंय. काल मी घरला भाजी केली.”

“बघितलं मी.”

“आमसुलं घातली आन् वाटी टबात टाकायला गेली. हात तसाच गेला. तवा मला त्या दिवसाचं आठवलं. टबात वाटी मी त्या दिवशीबी टाकली. पन सेटवर मी दोनदा ओतते. पयलं देवाला, मंग क्यामेऱ्याला. त्या दिवशी वाटी येकदाच रिकामी झाली. दोनदा ओतल्याचं हाताला आठवत न्हाय.”

मिनलने दार थोडं ओढून घेतलं.

“तू जवल होतीस,” विमलाबाई म्हणाल्या. “कोनच्या पातेल्यात ओतली मी?”

“मावशी, इतकी धावपळ होती. दिवा गेला होता.”

“व्हय. दिवा गेलता.”

“मला नाही आठवत.”

विमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दारामागून सान्वी आली, त्यांना बघून थबकली आणि आत गेली. “तुझी का?” विमलाबाईंनी विचारलं. मिनलने होकारार्थी मान हलवली.

“उद्या अकरा वाजता मी पोलिसाकडं जानार हाय. सांगनार, की माझ्या हातनं चूक झाली असंल. पोराच्या आईच्या पाया पडायचं ते पडंन. पन मला नुसतं ‘असंल’ बोलवत न्हाय. कुनीतरी बघितलं असंल, तर ‘झाली’ असं बोलता येल. तू संगं चल.”

“मी?”

“तू काय केलं न्हाईस ना. मंग काय?”

जिन्यावरून कोणीतरी वर येत होतं. मिनल पटकन म्हणाली, “येते. अकराला येते.” विमलाबाईंनी मान डोलावली आणि कठड्याला धरून खाली उतरल्या.

शनिवारी सकाळी मिनल लवकर उठली. सान्वीचा डबा केला. साडेनऊला तिने सुभाषला सांगितलं, की विमलाबाईंबरोबर जाऊन येते. सुभाषने विचारलं, “काय सांगणार आहेस?” ती म्हणाली, “तिथे गेल्यावर बघू.” वॉचमनने तिला नऊ पस्तीसला रिक्षात बसताना पाहिलं. हातात फक्त फोन होता.

दहा वाजता डॉक्टरांनी अनिशच्या घशातली नळी काढली. सूज उतरली आहे. श्वास तो आपला आपण घेतो आहे. आवाज अजून फुटलेला नाही. आईने त्याला वही आणि पेन्सिल दिली आहे.

विमलाबाई पावणेअकरापासून पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्या आहेत. उपनिरीक्षकाने त्यांना दोनदा आत बोलावलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, “थांबा. येकजण येतंय.”

मिनलचा फोन वाजतो आहे, पण ती उचलत नाही. सव्वा अकराला सुभाषने सातव्यांदा लावला. अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत ती पोलीस ठाण्यात पोहोचलेली नव्हती, हॉस्पिटलातही नव्हती.